मजा वरून चिकटवू नका: प्रॉडक्ट डिझाईनचा स्टुडंट प्रोजेक्ट, पायरीपायरीने

दरवर्षी सेमिस्टर सुरू झालं की ओळखीतली आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली डिझाईनची मुलं शनिवारी दुपारी माझ्याकडे येतात आणि बहुतेकांच्या वहीत तेच तीन गोल काढलेले असतात, एकात युजेबिलिटी, एकात सस्टेनेबिलिटी, एकात फन, आणि तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रश्नचिन्ह. ब्रीफच, म्हणजे कॉलेजने दिलेलं कामच, तसं असतं ना, वस्तू वापरायला सोपी हवी, पर्यावरणाला जड नको आणि शिवाय खेळकर हवी. पुढे काय होतं ते मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्याच दिवशी सांगून टाकते. आधी दीड महिना वस्तू चालवण्यात जातो, मग कुणीतरी आठवण करून देतं म्हणून बाहेरून बांबू लागतो, आणि ज्युरीच्या, म्हणजे शेवटच्या परीक्षणाच्या, आदल्या रात्री त्याला डोळे आणि हसरं तोंड काढलं जातं. तीन गोल तीन वेळेला भरले की ते एकमेकांवर कधी येतच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तूतला जो भाग काम करतो त्याच भागात मजा असली पाहिजे, आणि तोच भाग दुरुस्त करता आला पाहिजे. हे ऐकायला सोपं वाटतं पण करायला दहा आठवडे लागतात, म्हणून ते दहा आठवडे कसे घालवायचे ते नीट लिहून काढतेय. उदाहरण म्हणून थर्ड इयरच्या दोन मुलींचा एक प्रोजेक्ट घेते, मी तो पहिल्या दिवसापासून जवळून बघितलाय आणि त्यात जे चुकलं तेच जास्त शिकवणारं आहे.

सुरुवातीला अर्धा दिवस केळकर म्युझियम

लॅपटॉप उघडायच्या आधी पुण्यात बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. शाळेच्या ट्रिपमध्ये गेला असाल पण तेव्हा मस्तानी महाल बघितला असेल, आता अडकित्ते, दिवे आणि वज्री बघा. वज्री म्हणजे पाय घासायची पितळेची वस्तू, खाली खडबडीत, वर मोर नाहीतर पोपट. तो मोर मुठीत कसा बसेल याचा विचार करा, ओल्या साबणाच्या हातातून वस्तू निसटू नये म्हणून जी पकड लागते ती त्या पक्ष्याच्या अंगातूनच मिळते. पक्षी कापून टाकला तर पाय घासताच येणार नाही! आणि पितळ आहे म्हणजे झिजली, मोडली तरी मोडीत पैसे येतात, वितळून पुन्हा काहीतरी होतं. कुठल्याही कॉलेजात न गेलेल्या कारागिरांनी हे तिन्ही गोल एका वस्तूत बसवलेत.

तिथे पाच वस्तूंची स्केचेस करा, फोटो नको, हातानेच. प्रत्येक स्केचखाली एकच प्रश्न लिहा: यातला गंमतीचा भाग काढला तर वस्तू तेवढीच चांगली चालेल का? चालणार असेल तर ती मजा वरून चिकटवलेली आहे. हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर ठेवा, पुढे दर आठवड्याला लागणार आहे.

पहिली पायरी: प्रॉब्लेम इतका जवळचा घ्या की तिथे दहा वेळा जाता येईल

"शहरातला कचरा" किंवा "पाण्याचं भवितव्य" असले विषय सेमिस्टरला झेपत नाहीत. चालत किंवा एका बसने पोचता येईल असं घर, दुकान, टपरी, शाळा निवडा, जिथली माणसं तुम्हाला पुन्हा पुन्हा येऊ देतील. आणि शक्यतो अशी जागा जिथे दोन वेगळ्या वयाची माणसं एकच वस्तू वापरतात, कारण मग युजेबिलिटीचे प्रश्न आपोआप खरे होतात, सत्तरीचा हात आणि सहा वर्षांचा हात एकाच हँडलला लागतो.

या दोघींनी कोथरूडमधला एक फ्लॅट निवडला. बाल्कनीत बारा कुंड्या, पाणी घालणारी आजी आणि तिच्या मागे मागे फिरणारी पहिलीतली नात. मुलींच्या डोक्यात होतं की आजीसाठी हलकी झारी करायची, गुडघे दुखतात, बादली उचलवत नाही वगैरे. चांगला विचार होता, फक्त तो घरी बसून केलेला होता.

दुसरी पायरी: विचारायचं कमी, बघायचं जास्त

पहिल्या दोन भेटींत प्रश्नावली नेऊ नका. घरच्यांची परवानगी घ्या, चेहरा न येईल असे हाताचे व्हिडिओ काढा आणि कोपऱ्यात उभं राहून मिनिटामिनिटाची नोंद करा, किती वेळा वाकल्या, कुठे थांबल्या, काय पुटपुटल्या, कशाला हात टेकला. माणसांना विचारलं की ती बरं दिसेल असं उत्तर देतात, शिवाय सवयीच्या गोष्टी त्यांना स्वतःलाच दिसत नाहीत.

मुलींनी बघितलं तर आजी बादली उचलतच नव्हत्या, तांब्याने चार फेऱ्या मारत होत्या आणि त्यात त्यांना काही त्रास नव्हता. त्रास वेगळाच होता. कुंडीखालची बशी भरून पाणी वाहायचं आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, मग खालच्या काकूंचा फोन. आजी म्हणाल्या, "अगं पानांच्या खाली बशी दिसतच नाही मला, किती घातलं ते कळणार कसं?" आणि नात तर तांब्या हातात आला की ओतायचीच. म्हणजे प्रश्न उचलण्याचा नव्हताच, कधी थांबायचं ते न कळण्याचा होता. दुसऱ्या भेटीत झारीची सगळी स्केचेस बाजूला गेली आणि त्या दोघींना वाईट वाटलं, पण दुसऱ्या आठवड्यात टाकून दिलेली आयडिया स्वस्त पडते, आठव्या आठवड्यातली महाग.

तिसरी पायरी: एका वाक्याचं ब्रीफ, आकड्यांसकट

आता कोण, कुठे, काय आणि किती हे एका वाक्यात लिहा. त्यांचं असं झालं: बाल्कनीत उभ्या असलेल्या आजीला आणि सहा वर्षांच्या मुलीला, न वाकता, बशी भरायच्या आत कळलं पाहिजे की पाणी पुरे. मग खाली तीन अटी. वापराची अट: दीड मीटरवरून चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. मटेरियलची अट: बॅटरी नको, आणि तुटलेला भाग घरी बदलता यावा. मजेची अट: मुलीला ते स्वतःहून दुसऱ्या दिवशी पण करावंसं वाटलं पाहिजे.

तिसरी अट बघा, "मजेशीर दिसलं पाहिजे" असं लिहिलेलं नाही. दिसणं मोजता येत नाही, दुसऱ्या दिवशी पोर परत आलं का ते मोजता येतं. "पर्यावरणपूरक" हा शब्दसुद्धा ब्रीफमध्ये लिहू नका, त्याच्या आड काहीही खपतं.

शरीराची मापं लागणार असतील, हँडल, उंची, पकड, तर इंटरनेटवरचे परदेशी तक्ते घेऊ नका. एनआयडीने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन) १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलंय, डिझाईन कॉलेजच्या लायब्ररीत मिळतं. त्यात पाचवं आणि पंचाण्णवावं पर्सेंटाइल बघायचं, म्हणजे ज्याच्याखाली शंभरातले पाच आणि पंचाण्णव जण येतात ती मापं, सरासरी माणसासाठी केलेली वस्तू बऱ्याच जणांना बसत नाही. हात पोचायला हवा असेल तर लहान माप घ्या, जागा सोडायची असेल तर मोठं.

चौथी पायरी: चाळीस स्केचेस, आणि मजेचे प्रकार वेगळे करा

वीस स्केचेसपर्यंत आधी कुठेतरी बघितलेलंच हातातून उतरतं, त्यानंतर जरा वेगळं यायला लागतं. कागद स्वस्त घ्या, चांगल्या स्केचबुकात हात आखडतो.

खेळकरपणा म्हणजे रंगीत आणि गोल असं समजू नका. आवाजाची मजा असते, कुकरची शिट्टी हे तर सगळ्यात ओळखीचं उदाहरण, आवाजच काम करतो. हलण्याची मजा असते, अचानक काहीतरी उघडण्याची, साठवण्याची, नाव ठेवण्याची, दुसऱ्याला दाखवण्याची. चाळीस स्केचेसवर प्रत्येकी कुठली मजा आहे ते कोपऱ्यात लिहा म्हणजे लक्षात येतं की तुम्ही एकाच प्रकारात अडकलाय.

इथे अरविंद गुप्तांचं काम बघितल्याशिवाय पुण्यातल्या डिझाईनच्या मुलांनी पुढे जाऊच नये असं मला मनापासून वाटतं. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन जोडणीचा खेळ केला, आणि नंतर कितीतरी वर्षं ते आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, टाकाऊतून खेळणी करत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत रबरी नळीचा तुकडा हा जोड पण असतो आणि गंमत पण तोच असतो, कारण तो वाकतो. सजावट शून्य, तरी मुलं सोडत नाहीत.

आमच्या मुलींची एकतिसावी का बत्तिसावी आयडिया म्हणजे ढोकरी, तो लहान तपकिरी बगळा. मुळा-मुठेच्या काठी बघा, मान आखडून चिखलाच्या रंगात बसलेली असते आणि एकदम मान लांब करते. बशीत एक तरंगणारा तुकडा म्हणजे फ्लोट, त्याला जोडलेली दांडी, दांडीच्या टोकाला ढोकरीची मान. बशी भरत आली की मान वर. आधी त्या पांढरा बगळा करणार होत्या पण बाल्कनीची फरशीच पांढरी, दिसेना, आणि ढोकरी तपकिरी असते म्हणजे लाकूड-बांबूला रंगच द्यायची गरज नाही. मला हा निर्णय सगळ्यात आवडला, कारण दिसणं, मटेरियल आणि गंमत तिन्ही एका झटक्यात सुटलं.

पाचवी पायरी: पुठ्ठ्याचं मॉडेल, त्याच दिवशी

आयडिया आली त्या संध्याकाळी खोक्याचा पुठ्ठा, टाचणी, कटर. थ्री-डी प्रिंटरच्या रांगेत थांबू नका. पुठ्ठ्याचं मॉडेल बावळट दिसतं म्हणून लोक मोकळेपणाने बोलतात, गुळगुळीत प्रिंट नेला की "छान आहे" म्हणतात आणि चहा देतात.

मुलींनी फ्लोटसाठी जुन्या स्लिपरचा तुकडा लावला आणि तिसऱ्या आठवड्यात मॉडेल बाल्कनीत ठेवलं. आणि इथे मोठी चूक सापडली. नातीला ढोकरीची मान वर गेलेली इतकी आवडली की ती मान वर करण्यासाठीच पाणी ओतायला लागली! दोन दिवसांत खालच्या काकूंचा फोन. मजा होती, काम करणाऱ्या भागातच होती, आणि तरी ती चुकीच्या गोष्टीचं बक्षीस देत होती. मी स्वतः हे आधी ओळखलं नव्हतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये पण हा प्रश्न विचारा, मुलाने ही गंमत शंभर वेळा केली तर काय वाया जाईल? पाणी, कागद, वीज, कुणाची झोप?

उपाय सीसॉचा निघाला. खिळी मधे घेतली, एका बाजूला फ्लोट, दुसऱ्या बाजूला मान. आता बशी कोरडी असताना ढोकरी मान वर करून उभी असते आणि पाणी चढलं की मान खाली घालून बसते. बसली की खेळ संपला, त्यापुढे कितीही ओता काहीच होत नाही, मग पोर पुढच्या कुंडीकडे जातं.

यातून आणखी एक गोष्ट साधली जी कुणाच्याच डोक्यात नव्हती. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो, डेंग्यू पसरवणारा, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ढोकरी अजून बसलेलीच दिसली तर पाणी शोषलं गेलं नाही, बशी उपडी करा, असा अर्थ आपोआप मिळाला. आजींनी मात्र एक दुरुस्ती सांगितली, ती फार महत्त्वाची होती: "मान वर आहे म्हणजे पाणी घालायचंच असं नाही गं, बशी कोरडी असली तरी माती ओली असते, आधी बोट घालून बघायचं." म्हणजे ही वस्तू किती घालायचं ते सांगते, कधी घालायचं ते सांगत नाही. आपली वस्तू काय करत नाही हे पोस्टरवर स्पष्ट लिहा, ज्युरीला ते आवडतं आणि वापरणाऱ्याला ते लागतं.

सहावी पायरी: मटेरियल बाजारात शोधायचं, कॅटलॉगमध्ये नाही

याला मी पूर्ण दोन दिवस देते. बोहरी आळीत खिळे, तारा, बिजागऱ्या, बुरूड आळीत बांबू, तांबट आळीत ठोकणाऱ्या माणसाशेजारी दहा मिनिटं नुसतं उभं राहा, टिंबर मार्केटमध्ये तुकडे, आणि बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. विकत घ्यायच्या आधी वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारा: हे मोडलं तर कोण दुरुस्त करतं, याचे उरलेले तुकडे तुम्ही काय करता, आणि हे ओलं झालं तर काय होतं. विक्रेत्याला घाईच्या वेळी गाठू नका, सकाळी दुकान लावून झालं की माणसं निवांत बोलतात, आणि काका, मावशी म्हणून विचारलं की स्वतःहून चार जास्तीच्या गोष्टी सांगतात.

काही मटेरियलबद्दल स्पष्टच सांगते, कारण दरवर्षी त्याच चुका होतात.

पीएलए हे प्रिंटरचं प्लास्टिक मक्यासारख्या पिकातून येतं म्हणून मुलं त्यावर हिरवं पान काढतात. ते घरच्या कंपोस्टमध्ये विरघळत नाही, त्याला साधारण ६० अंशाच्या आसपास तापमान टिकवणारं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं. आणि त्याच तापमानाला ते मऊ पडायला लागतं, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला प्रोटोटाइप वाकडा होऊन निघतो. ट्रायलसाठी वापरा, अंतिम वस्तू म्हणून विचार करून वापरा.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनने दाबून केलेला बोर्ड, लेझर कटरवर सुंदर कापतं, पण पाणी लागलं की फुगतं आणि त्यातल्या रेझिनमुळे त्याचं पुढे काही चांगलं होत नाही. बाल्कनी, बाथरूम, किचन ओट्यासाठी नकोच. लेझरचं चाललंय तर हे पण, सनबोर्ड म्हणून जी शीट मिळते ती बहुतेकदा पीव्हीसी फोमची असते, ती लेझरवर अजिबात टाकू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं, फुप्फुसांना घातक आणि मशीनलाही गंज. ती कटरनेच कापा. आणि लेझर स्वतः ०.१ ते ०.३ मिमी मटेरियल खातो, तेव्हा खाचा घट्ट बसवायच्या असतील तर आधी एक छोटा तुकडा कापून माप घ्या, मगच पूर्ण शीट.

बांबू लावला की वस्तू टिकाऊ होत नाही, तो बांबू टिकला पाहिजे. त्यातल्या स्टार्चमुळे भुंगा लागतो, म्हणून पक्का, तीन-चार वर्षांचा बांबू आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला आहे का ते विचारा. ऊन-पाणी आलटून पालटून लागलं तर तो चिरतो. मुलींना फ्लोटसाठी बांबूचं पोकळ कांडं हवं होतं पण दोन गाठींमधलं अंतर बशीपेक्षा लांब निघालं, आणि एका बाजूने बूच मारलेलं कांडं आठवड्यात चिरून पाणी प्यायलं. मग त्यांनी पांगारा वापरला. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार ज्या हलक्या लाकडाची व्हायची तेच हे, आणि यांच्या सोसायटीत पावसाळ्याआधी छाटलेल्या पांगाऱ्याच्या फांद्या गेटपाशी पडल्या होत्या. काटे असतात, साल काढताना हातमोजे घाला. ओली फांदी सावलीत महिनाभर तरी वाळू द्यावी लागते, तेव्हा लाकडाचा निर्णय लवकर घ्या, वाळवणीला शॉर्टकट नाही.

फिनिशला जवसाचं तेल, पातळ तीन हात, मधे एकेक दिवस. तेलाने भिजलेले बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून उघड्यावर वाळवा. वर्कशॉपमध्ये हे कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन वेगळी मटेरियल गोंदाने चिकटवू नका. खाच, खिळी, दोरी, स्क्रू, काहीही चालेल. फेविक्विकने जोडलेलं लाकूड आणि प्लास्टिक पुन्हा वेगळं होत नाही, मग ते ना भंगारात जातं ना कंपोस्टमध्ये.

सातवी पायरी: चालणारा प्रोटोटाइप, वजनकाट्यासकट

आता बीजगणिताला घाबरू नका, शाळेतला सीसॉच आहे. फ्लोट गोल, ३ सेंमी जाड, ६ सेंमी लांब, म्हणजे साधारण ४२ घन सेंमी, आणि वाळलेल्या पांगाऱ्याचा तो तुकडा १३ ग्रॅम भरला. खिळीपासून फ्लोट ३ सेंमीवर, चोच ९ सेंमीवर. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले नऊ, म्हणजे चोचीपाशी जेमतेम ४ ग्रॅम परवडतात. मुलींनी आधी प्रिंट केलेलं सुबक डोकं लावलं होतं, ते १४ ग्रॅमचं, त्यामुळे ढोकरी कोरड्या बशीतही बसूनच राहायची आणि दोघी खिळीला तेल घालत बसल्या होत्या, घर्षण असेल म्हणून. वजन केल्यावर पाच मिनिटांत कळलं. मग बांबूच्या पातळ कामटीतून चपटी मान कापली, ३ ग्रॅम, आणि बाजूने बघितलं की ती जास्तच ढोकरीसारखी दिसायला लागली.

म्हणून किचनमधला एक ग्रॅम दाखवणारा काटा टेबलावर कायम ठेवा. प्रत्येक भागाचं वजन वहीत लिहा, याचा फायदा दुहेरी आहे, यंत्र चालतं का ते कळतं आणि किती मटेरियल वापरलं याचा हिशोबही तयार होतो.

लहान मुलांच्या हातात जाणारी वस्तू असेल तर सुट्या भागांची काळजी घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या नियमात ३१.७ मिमी व्यासाचं एक सिलिंडर असतं, त्यात पूर्ण मावणारा भाग गिळला जाऊ शकतो असं धरतात. कार्डबोर्डचं तसं सिलिंडर घरी करून बघा. आणि पुढे खेळणं म्हणून विकायचा विचार असेल तर भारतात १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, काही अपवाद सोडले तर चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. घरात रांगणारं बाळ असेल तर तिथे ट्रायल ठेवूच नका.

आठवी पायरी: पाच माणसं, आणि तुमचं तोंड बंद

युजेबिलिटीतले तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच माणसांबरोबर टेस्ट केली तरी वापरातले बहुतेक दोष समोर येतात, आणि विद्यार्थ्यांसाठी पाच हा आकडा खरंच झेपणारा आहे. पण पाचही तुमचे हॉस्टेलमेट नकोत. दोन ज्येष्ठ, एक मूल, एक अशी व्यक्ती जिला झाडांची आवड नाही, आणि एक जी घरात कामाला येते, कारण मालक गावाला गेले की पाणी तीच घालते आणि तिला कुणी विचारत नाही.

वस्तू ठेवा, "हे कुंडीला लावून पाणी घाला" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. हे फार अवघड जातं, जीव तुटतो, तरी बोलू नका. पहिली चूक कुठे झाली, किती सेकंद थांबले, काय म्हणाले ते लिहा. मुलींच्या टेस्टमध्ये पाचपैकी तिघांनी ढोकरी कुंडीला अडकवायची तारेची क्लिप उलटी लावली, कारण तारेची दोन्ही टोकं सारखी दिसत होती. मग २ मिमीच्या पितळी तारेचं एक टोक ढोकरीच्या पायासारखं दोन बोटांत वाकवलं, दुसरं सरळ ठेवलं. सूचनापत्रकात एक ओळ वाढवण्यापेक्षा तार वाकवणं केव्हाही बरं.

वस्तू वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी दहा प्रश्नांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल, जॉन ब्रूक यांची १९८६ सालची, बरेच जण रिपोर्टमध्ये टाकतात. पाच माणसांचा स्कोअर काढून दशांशात लिहू नका, त्याला काही अर्थ नाही, त्याऐवजी पाच जणांचं नेमकं काय अडलं ते पाच ओळींत लिहा.

नववी पायरी: मोडून बघा

एक प्रोटोटाइप मोडण्यासाठीच बनवा. एक पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर, पाच मिनिटं. तेवढ्यात सगळी मटेरियल वेगळी झाली पाहिजेत. मग तो ढीग तुमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना दाखवा आणि विचारा, यातलं काय विकलं जाईल, काय नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे आणि स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करते. कुठलं प्लास्टिक कुठे जातं हे त्यांना हाताला लागल्यावर कळतं. त्यांचा वेळ कामाचा असतो, तेव्हा त्यांचं काम आटपल्यावर विचारा आणि त्या वेळेचे पैसे द्या, सर्व्हे म्हणून फुकट घेऊ नका.

ढोकरीच्या ढिगात पितळी तार लगेच विकली जाईल म्हणाल्या, लाकूड-कामटी ओल्या कचऱ्यात. स्लिपरचा तुकडा असता तर तो कुणी घेतला नसता.

ज्युरीसाठी काय ठेवायचं

पोस्टर एकच, त्यावर ब्रीफचं ते वाक्य, आजींच्या बाल्कनीचा फोटो, आणि चुकलेल्या मॉडेल्सची रांग. टेबलावर पाण्याची बशी आणि तांब्या ठेवा, परीक्षकांना स्वतः ओतू द्या. रेंडरिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गुळगुळीत चित्रांमध्ये, दोन रात्री घालवू नका. खर्चाचं आणि वजनाचं पान जोडा, कुठला भाग कुठून आला ते लिहा, कारागिराने काही शिकवलं असेल तर त्याला विचारून त्याचं नाव लिहा.

वेळेचं साधारण असं बसतं: बघणं आणि ब्रीफ दोन आठवडे, स्केचेस आणि पुठ्ठा दोन (लाकूड वाळत टाकायचं ते इथेच), बाजार आणि मटेरियल एक, चालणारे प्रोटोटाइप तीन, टेस्ट आणि दुरुस्ती दीड, मांडणी अर्धा. टेस्टचा दीड आठवडा कुणालाही देऊ नका, सगळ्यात आधी तोच खाल्ला जातो.

सबमिशननंतर वस्तू घरी आणून कपाटात ठेवू नका, जिच्यासाठी केली तिच्याकडेच सोडा आणि महिन्याने, तीन महिन्यांनी जाऊन बघा. सहा ढोकरी आजींकडे राहिल्या. पावसाळ्यानंतर मुली गेल्या तेव्हा दोन फ्लोट पाणी पिऊन १३ ऐवजी १९ ग्रॅमचे झाले होते, त्यामुळे त्या उशिरा बसत होत्या, ते उन्हात वाळवून पुन्हा तेल दिलं. एकीची मान तुटली होती. आजींनी त्या जागी आइस्क्रीमची काडी तासून बसवली होती, नातीने त्यावर पेनने डोळा काढला होता, आणि ती बरोबर बसत होती.